सात पायांचा ऑक्टोपस

नवरा फेर्नां गेल्यापासून सोलांजनं परसातल्या पोहण्याच्या तलावाच्या कामात एकही रविवार चुकवला नव्हता. तो करायचा तसंच सगळं ती करी. जाळीनं पानं काढायची, टोपलीतला कचरा झटकायचा, तरंगत्या डब्यात क्लोरीनची वडी टाकायची. पाणी जरा मळकट दिसलं की फेर्नां म्हणायचा, "आणखी एक टाक." तिनं आणखी एक टाकली, मग आणखी एक. आणि मे महिन्यात बेझिए शहराभोवतीच्या द्राक्षमळ्यांना पालवी फुटली, तसं तिच्या परसातलं पाणीही हिरवंगार झालं. पहिली पायरी दिसायची, दुसरी आहे असं समजायचं.

तिचा मुलगा रेजिस तुलूझहून फोनवर बोलला, ते काही वाईट मनानं नव्हे. आई एकटी, वय झालेलं, काठावर शेवाळ. तो म्हणाला की तलाव बुजवून टाकू, वर खडी पसरू, ऑलिव्हची दोन झाडं लावू. मातृदिनाच्या जेवणाला येताना खड्डे बुजवणाऱ्या मातीवाल्यालाही घेऊन येतो.

"ये घेऊन," सोलांज म्हणाली. "पण काठावरून ऑक्टोपसचे पाय मोजता आले, तर त्याला जेवू घालून परत पाठवायचं. कबूल?"

रेजिस हसला. कबूल म्हणाला.

हा ऑक्टोपस उथळ बाजूच्या तळाशी होता. ज्या उन्हाळ्यात फेर्नां आणि त्याच्या भावानं पहारी घेऊन हा खड्डा खणला, त्या उन्हाळ्यात गाव म्हणायचं, फेर्नांच्या विहिरीला अजून पाणी लागलं नाही वाटतं. तलाव झाल्यावर उरलेल्या फरश्या फोडून त्यानं तळाशी ऑक्टोपस बसवला, पण सात पाय झाले आणि तुकडे संपले. रेजिस पाण्यात बुडी मारून ते पाय मोजतच आकडे शिकला, आणि पुढे आठव्या पायावरून शाळेत बाईंशी भांडून आला.

शेजारची ह्युगेत, जिनं हयातभर गावाचे केस कापले, कुंपणाच्या दारातून तपासणीच्या पट्ट्या घेऊन आली. एक पट्टी तिनं पाण्यात बुडवली. क्लोरीनचा चौकोन भरपूर गडद. शेवटचा चौकोन मात्र वांग्यासारखा जांभळा.

"क्लोरीन आहे की मग," सोलांज म्हणाली.

"आहे, पण हात बांधलेत त्याचे. उन्हात क्लोरीन उडू नये म्हणून वडीत दुसरं औषध घालतात ना, ते कधीच उडत नाही. साचत जातं. हा जांभळा चौकोन त्याचाच. तू वड्या टाकतेस आणि वर त्याचीच भर घालतेस."

"मग काय करू?"

"अर्धं पाणी सोडून दे. माझ्याकडे हेच झालं होतं. तेव्हा फेर्नांलाही सांगितलं होतं मी. महिनाभर माझ्याशी बोलला नाही तो."

सोलांजला ते आठवलं. पाणी न बदलणं हा फेर्नांचा अभिमान होता. बाकीचे लोक पाणी फेकतात, आपण राखतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाणी वाइनसारखं जुनं होऊ द्यावं म्हणायचा. मागच्या सप्टेंबरात तो शेवटचा पोहला, तेही ह्याच पाण्यात. आणि आता ग्रामपंचायतीच्या दारावर नोटीस लागली होती: दुष्काळामुळे सोमवारपासून तलाव भरायला बंदी. आज पाणी सोडलं आणि वेळेत भरलं नाही, तर रेजिसला खड्डा आयताच मिळणार.

ती थोडा वेळ काठावर बसली. हिरव्या पाण्यात तिला ना फेर्नां दिसला, ना त्याचा ऑक्टोपस. मग ती उठली, पंपघरात गेली आणि झडपेचा दांडा गटाराच्या खुणेवर फिरवला. पाणी गुडगुडत निघालं. ह्युगेतनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

अर्धं उतरल्यावर सोलांजनं बागेची नळी सोडली. पाणी चढलं तसं आधी पाण्याच्या आंबटपणाचं माप, पीएच, जुळवलं, ते चुकलं तर पुढचं सगळं वाया. संध्याकाळी ऊन गेल्यावर वडी नाही, बाटलीतलं साधं क्लोरीन घातलं. मग ब्रश घेतला आणि भिंती घासल्या. कंबर बोलायला लागली तशी ती कंबरेशीच भांडत घासत राहिली. पंप रात्रंदिवस चालू. हिरवं पाणी राखाडी झालं, मग ताकासारखं. वाळूचा फिल्टर उलट्या पाण्यानं धुवायचा आणि पुन्हा चालू करायचा. वड्यांचा डबा तिनं ह्युगेतच्या हवाली केला, हात शिवशिवू नयेत म्हणून.

शनिवारी संध्याकाळी चार पाय दिसले, पाचवा असावा. ह्युगेत म्हणाली, रेजिसला चष्मा आहे, चालून जाईल. सोलांजला ते पटलं नाही. तिनं फिल्टर पुन्हा धुतला.

रविवारी रेजिस आला. मागून मातीवाला, हातात मोजपट्टी. ओव्हनमध्ये कोकराची तंगडी खरपूस होत होती, पण स्वयंपाकघरात आई नव्हती. ते परसात आले. सोलांज फेर्नांनं घेतलेला जुना निळा पोहण्याचा पोशाख घालून छातीभर पाण्यात उभी होती. पाणी थंडगार, ओठ जांभळे, पण मान ताठ.

"आई! बाहेर ये, गारठशील."

"आधी मोज."

रेजिस काठावर ओणवा झाला. चष्मा पुसला. लहानपणी करायचा तसं बोट पुढे करून मोजलं.

"सहा," तो म्हणाला. आवाज जरा पडलाच त्याचा. "सहाच आहेत, आई."

सोलांज एक पाऊल बाजूला सरकली.

"सातव्यावर मी उभी होते," ती म्हणाली. "त्यांना विचार, तंगडी खातात का."