गाडीचं कपाळ

ज्या वर्षी कडूबाच्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, जुळं झालं, त्या वर्षीच्या चैत्रातली ही गोष्ट. जुळ्यांचं बारसं दुपारी होतं. कडूबा सकाळीच आंघोळ करून, नवा सदरा घालून, ‘नुसतं कुलूप बघून येतो’ असं बायकोला सांगून पडेगावच्या आपल्या गॅरेजवर आला होता. कुलूप बघून झालं. स्कूटरला किक मारणार, तेवढ्यात एक भरलेला ट्रक वाफा सोडत रस्त्याच्या कडेला येऊन थांबला.

ड्रायव्हर तरणा होता. उडी मारून उतरला, पाण्याचा कॅन ओढला आणि गाडीचं बॉनेट उचलून रेडिएटरच्या झाकणाला फडकं लावायला निघाला.

“हात काढ,” कडूबा स्कूटरवरूनच म्हणाला.

“मामा, पानी संपलं असंल.”

“असू दे. आता झाकण खोललं तर तू भाजशील, आन् गार पानी वतलं तर इंजिन चिरंल. सावलीला लाव. दम खाऊ दे तिला.”

गाडी लिंबाच्या सावलीत आली. कडूबानं स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

कडूबाचं मूळ घर पिशोरकडच्या डोंगरातलं, मेंढरं राखणारं. लहानपणी तो बापामागं कळप घेऊन फिरलेला. धावून आलेल्या मेंढराला लगेच पाणी दाखवायचं नाही, आधी सावलीत उभं करायचं, हे बापानं शिकवलं होतं. पुढं एका दुष्काळात मेंढरं गेली, कडूबा शहरात आला आणि एका रेडिएटरवाल्या उस्तादाच्या हाताखाली लागला. तापलेल्या इंजिनाबद्दल उस्तादानं तेच सांगितलं, तेव्हा हा धंदा त्याला आपल्या घरचाच वाटला. त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती.

ट्रकमधून एक म्हातारी मागं तोंड करून, दांडी धरून हळूच उतरली. कपाळाला भंडाऱ्याचा मळवट, खांद्यावर उन्हातही घोंगडी. ड्रायव्हरचं नाव भरत. म्हातारी त्याची आई, म्हाळसाबाई. माणसं आपल्यातलीच, पिशोरजवळच्या वाडीतली निघाली. शहरातून सरकीच्या पेंडीची पोती भरून गावाकडं चालली होती.

गाडी निवेपर्यंत भरतनं सगळी हकीगत सांगितली. रिकामी गाडी बरी चालते, पण माल भरून चढ लागला की काटा लाल खुणेवर जातो. पाण्याचा पंप नवा टाकला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टाही नवा. शेवटी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. तेवढा पैसा आता घरात उरला नव्हता. उद्या एक जण गाडी बघायला वाडीवर येणार होता. पसंत पडली की द्यायची.

“मंग मायला कशाला फिरवतो उन्हात?”

भरतनं मान खाली घातली. “ती म्हनली, इकायच्या आधी एकदा बसू दे. सगळा कळप इकून घेतली ना ही गाडी.”

 कडूबानं नवा सदरा काढून खिळ्याला अडकवला.

गाडी निवल्यावर त्यानं झाकण उघडलं, पाणी भरलं आणि भरतला इंजिन सुरू करायला लावलं. मग झाकणाच्या तोंडाशी वाकून बघत राहिला. गॅस्केट गेलं असतं तर पाण्यात बुडबुडे आले असते. पाणी शांत होतं.

“गॅस्केट शाबूत हाय. इंजिन खोलायचं काम नाय.”

“त्यानं तर न खोलता सांगितलं.”

“म्हनून तर सांगता आलं त्याला.”

भरतला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

काटा वर चढू लागला तसं कडूबानं इंजिन बंद करायला लावलं. पंखा थांबल्यावर त्यानं जाळीवर उघडा तळहात फिरवायला सुरुवात केली. वरून खाली, मग थोडं सरकून पुन्हा वरून खाली. गाभण मेंढीच्या पोटावर फिरवावा तसा. वरचा भाग हात लावू देत नव्हता. मधला मोठा पट्टा मात्र नुसता कोमट आणि खालचा कोपरा तर गार होता. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. जाळीतल्या निम्म्याहून जास्त नळ्या बुजल्या होत्या.

त्यानं खालची तोटी सोडली. घमेल्यात पाणी पडलं ते पिवळं. तळाशी चिखल बसला, तोही पिवळा. कडूबानं बोट बुडवून अंगठ्यावर घासलं आणि नाकाशी नेलं. हळद.

गळक्या रेडिएटरात चिमूटभर हळद टाकायची रीत रस्त्यावरच्या सगळ्याच ड्रायव्हरांना ठाऊक असते. बारीक भोक बुजतं, गाडी गावापर्यंत पोचते. भरतनंही सांगितलं, मागच्या वर्षी एकदा टाकली होती, एकदाच. पण घमेल्यात होती ती एकदाची हळद नव्हती. कडूबानं मान वर केली. लिंबाखाली म्हाळसाबाई बसली होती. तिच्या पदराच्या टोकाला बोराएवढी गाठ होती आणि गाठीभोवतीचं लुगडं पिवळं झालं होतं.

कडूबानं भरतला कूलंट आणि सांधायला डाख आणायला पुढच्या दुकानात पाठवलं. तो वळणाआड गेल्यावर कडूबा घमेलं उचलून लिंबाखाली आला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला.

“आक्का, भंडारा कुठं लावता गाडीला?”

तिनं सरळ सांगितलं. मेंढरं वाड्यातून निघायची तेव्हा म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावायची ती. गाडीचं कपाळ कुठलं, ते तिला उमजेना. मग एकदा भरतनं त्या तोंडात हळद टाकलेली तिनं पाहिली. ती खेप झकास झाली. तेव्हा तिला कळलं, गाडी भंडारा खाते. मग दर खेपेला वाडीतून निघायच्या आधी पोरगं चहा पीत असलं की ती झाकण उघडायची आणि आत भंडारा टाकायची.

“चिमूट टाकायच्या?”

“मूठ. देवाचं काम, चिमटीनं कसं करावं?”

कडूबानं घमेलं तिच्याकडं सरकवलं. मग विचारलं, “कवळी ज्वारी खाऊन मेंढरू फुगलं की काय करता?”

“तोंडात आडवी काडी बांधती. फिरवती. पोट मोकळं झालं की उठतं.”

“हिचं तसंच झालंय.”

म्हातारीनं घमेल्यात पाहिलं.  पदराची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली.

“म्हंजी मीच मारली व्हय हिला?”

“मेली कुठं? पोट मोकळं करतो की आता. भरतला मी सांगतो, हिरीच्या पान्याचा गाळ बसला म्हनून.”

“खोटं कशापायी?” म्हाळसाबाई म्हणाली. “हात माझा हाय.”

भरत सामान घेऊन आला तेव्हा ती उभी राहिली. घमेल्याकडं बोट करून तिनं सगळं सांगितलं, आवाज न उतरवता. भरत ऐकत राहिला. त्याच्या जबड्याचं हाड हललेलं कडूबाला दिसलं. नवा पंप, नवा पट्टा, सोडलेली भाडी, उद्या येणारं गिऱ्हाईक, सगळं त्या पोराच्या तोंडावर आलं आणि तोंडातच राहिलं. तो गाडीकडं गेला, उगाच टायरला लाथ मारून आला आणि आईजवळ बसला.

“झाकण पिवळं दिसायचं मला,” तो म्हणाला. “मला वाटायचं, माझाच हात लागला. पुसून टाकायचो.”

“आन् मी म्हनायची, गाडीनं चाटून घेतलं.”

आधी भरत हसला. मग म्हातारी.

रेडिएटर उतरवला. जुनी गाडी, पितळेचा जड रेडिएटर. कडूबानं गॅसच्या ज्योतीनं वरच्या टाकीचा डाख सोडवला, टाकी अलगद उचलली, आणि आतल्या नळ्यांची तोंडं उघडी पडली. पिवळ्या गाऱ्यानं लिंपल्यासारखी. आता एकेका नळीत पोलादाची चपटी पट्टी घालून ती मोकळी करायची. जोर लावला तर नळी फाटते, कमी लावला तर गाळ तिथंच राहतो. ही पट्टी उस्तादाची होती. आजवर कडूबानं ती कुणाच्या हातात दिली नव्हती.

मध्येच घरून फोन आला. बायको, गोजरबाई, म्हणत होती, बाया जमल्या, पाळणे बांधले, आता कुणाची वाट बघायची. कडूबानं सांगितलं, नाव ठेवायला आत्या लागते, आजोबा लागत नाही. पलीकडून जे बोलणं आलं ते त्यानं निमूट ऐकून घेतलं.

फोन ठेवून तो वळला तर म्हाळसाबाई रेडिएटरशी येऊन बसली होती. नळ्यांच्या तोंडांवरून ती बोट फिरवत होती.

“द्या,” तिनं हात पुढं केला. “लोकरीतलं गोखरू काढायची सवय हाय मला. मेंढीला कळू देत न्हवते.”

कडूबानं तिच्या बोटांकडं पाहिलं आणि पट्टी तिच्या हातात ठेवली. पहिल्या नळीला त्यानं हात धरून दाखवलं. दुसरीला नुसतं पाहिलं. तिसरीनंतर तो उठून इंजिनाकडं गेला. पाण्याचा पाइप लावून आतला पिवळा गढूळपणा निवळेपर्यंत इंजिन धूत राहिला. मागून पट्टीचा सरसर आवाज येत होता. तो आवाज चुकीचा झाला असता तर त्याला पाठमोऱ्यानंही कळला असता. एकदाही झाला नाही.

ऊन कलल्यावर त्यानं टाकीला पुन्हा डाख दिला, तोंडं बंद केली, हवा भरून रेडिएटर हौदात बुडवला. तिघं काठावर वाकून बघत होते. एक बुडबुडा आला नाही. कडूबानं छाती भरून श्वास घेतला.

“आक्का, एक नळी फाटली न्हाय. माझ्या हातून बी एखादी जाती.”

म्हाळसाबाईनं घोंगडी सारखी केली. ताठ बसली.

भरल्या गाडीनिशी ते खुलताबादच्या घाटाला लागले. भरत चाकावर, म्हातारी मध्ये, कडूबा कडेला, काट्यावर नजर ठेवून. हा काटा काय सांगतो असं तिनं विचारलं. हिचा ताप सांगतो, कडूबा म्हणाला. मग सगळा घाट तिनं बाहेर पाहिलंच नाही. चढावर इंजिन घुमलं, गाडी वाकली, वळण आलं, दुसरं आलं. काटा मध्यावर गेला आणि मेखेला बांधल्यासारखा तिथंच उभा राहिला. वर पोचल्यावर भरतनं गाडी बाजूला घेतली, फोन काढला आणि उद्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगितलं.

म्हाळसाबाई खाली उतरून गाडीसमोर गेली. पदराची गाठ सोडताना तिचा हात थांबला. कडूबानं काचेच्या वरच्या, नाव रंगवलेल्या पत्र्यावर थाप मारली.

“हे कपाळ. खालचं तोंड. तोंडाला फकस्त पानी आन् कूलंट.”

भरतनं आईला कमरेला धरून उचललं. तिनं कपाळावर मूठभर भंडारा लावला. खाली उतरून कडूबाकडं वळली, त्याच्याही कपाळाला लावला, आणि उरलेल्यातली एक पुडी जुळ्यांसाठी त्याच्या हातात दिली.

परतीची जीप पकडून दिवेलागणीला कडूबा घरी पोचला. पाळण्यांची फुलं सुकली होती. नवा सदरा गॅरेजातच राहिला होता. गोजरबाई तोंड उघडून पुढं आली, त्याचं पिवळं कपाळ तिनं पाहिलं आणि तशीच ताट वाढायला गेली. कडूबानं दोन्ही लेकरांना भंडारा लावला आणि आपल्या नातवंडांना कुठल्या नावानं हाक मारायची ते ज्ञानेश्वरीला विचारून घेतलं.

गाडी विकली गेली नाही. पडेगावावरून जाताना भरत हॉर्न द्यायचा. कडूबा मान वर करून आधी कपाळ बघायचा, मग हात करायचा.

गॅरेजसमोर तो ट्रक शेवटचा थांबला तेव्हा म्हाळसाबाई दांडी धरून उतरली. तिरडीभोवतीच्या माणसांनी तिला वाट दिली. तिनं पदराची गाठ सोडली आणि कडूबाच्या कपाळाला भंडारा लावला. चिमूट नाही, मूठभर.

कडूबा २०२४ सालच्या डिसेंबरात, चंपाषष्ठीनंतरच्या सोमवारी वारला. जुळी तेव्हा चालायला लागली होती.