मी बंद पडायला हवं होतं

मित्रांनो, मी एक जुना हवेचा पंप आहे. माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा, तळहातावर मावणारा, दिवसभर घुं घुं करणारा. टाकीपाशी उभे राहून तुम्ही मासे बघता, रंगीत खडे बघता, काचेवर नाक चिकटवता. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पंपाने फार दिसू नयेच. पण आज मला बोलायचं आहे. माझ्यावर एक आळ आला होता आणि तो खोटा ठरला. मला दुःख आहे ते तो खोटा ठरल्याचं.

माझा जन्म कुठे झाला ते विचारू नका. पोटाखालची छापील अक्षरं केव्हाच पुसली गेली. मला आठवतं ते कुर्ल्यातलं रंगीत माशांचं दुकान. तिथे मी कितीतरी वर्षं राबलो. एकेका टाकीत मासे नुसते कोंबलेले असत, आणि त्या सगळ्यांना पुरेल एवढी हवा मी एकटा ढकलत असे. ओळख व्हायच्या आत ते प्लास्टिकच्या पिशवीत बसून निघून जात. पुढे दुकानदाराने मोठा, नवा पंप आणला आणि मला फाटक्या जाळ्यांबरोबर एका खोक्यात टाकून दिलं.

मला त्या खोक्यातून काढलं ते लवू आजोबांच्या आणि निधीच्या निमित्ताने. गेल्या वर्षी गणपतीहून परतल्यावर हे आजोबा-नात घाटकोपरहून मासे घ्यायला आले होते. दुकानदाराने त्यांना एक छोटी टाकी दिली आणि बोटाएवढे दोन गोल्डफिश दिले.

"मोठे नाही ना होणार हे?" सातवीतल्या निधीने विचारलं.

"छे गं, टाकी जेवढी तेवढेच राहतात," दुकानदार म्हणाला. आणि वर मला फुकटात पिशवीत टाकलं. त्याचं बोलणं खोटं होतं. गोल्डफिश चांगला वीतभर वाढतो आणि त्याला पाणीही तेवढंच ऐसपैस लागतं. मला हे माहीत होतं, पण पंपाला कोण विचारतो?

घाटकोपरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चार माणसं. आजोबा, त्यांचा मुलगा सर्वेश, सून अनुपमा आणि निधी. आजोबांचं सगळं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांपाशी गेलं होतं. साच्यांच्या खडखडाटाची त्यांना इतकी सवय की गिरणी बंद पडली तेव्हा त्यांची झोपच उडाली. शांत घरात त्यांना चैन पडत नसे. मी टाकीमागे बसून घुं घुं सुरू केलं आणि त्याच दुपारी आजोबा शेजारच्या खाटेवर गाढ झोपी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट आणखी माझ्याजवळ ओढून घेतली. मित्रांनो, माझा आवाज कोणाला आवडू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अनुपमाताईंना मात्र तो मुळीच आवडत नसे. "बाबा, हे डबडं जरा बंद करू का? टीव्हीतलं एक अक्षर ऐकू येत नाही."

"नको गो," आजोबा म्हणत. "तो आवाज नाय. तेंचो श्वास आसा तो."

माशांची नावं आजोबांनीच ठेवली. गुणाजी हा त्यांचा गिरणीतला सोबती, तंबाखू भरून गाल फुगवून फिरणारा. तसाच फुगऱ्या गालांचा मासा, म्हणून तो गुणाजी. दुसरी चंपा, गावातल्या एका ठसकेबाज आत्याच्या नावाची, कारण ती शेपूट मिरवत चाले. आजोबा खुर्ची ओढून बसले की दोघंही काचेशी येऊन तोंड उघडत. "काय रे गुणाजी, चुना व्हयो?" आजोबा विचारत, आणि निधी हसून हसून लोळायची.

निधी गुणाची पोर. तिने वाचून वाचून सगळं शिकून घेतलं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, थोडंच बदलायचं. नळाचं पाणी बादलीत मुरू द्यायचं, मगच घालायचं. खाणं चिमूटभर, आणि तेही त्यांनी लगेच संपवलं पाहिजे. मासे किती वाढणार तेही तिला वाचूनच कळलं, आणि तोपर्यंत ते वाढलेलेही होते. गुणाजीला वळायचं म्हटलं की शेपूट काचेला घासत असे.

"पप्पा, मोठी टाकी घेऊया ना. यांची वाट लागलीये इथे."

"घेऊ गं, दिवाळीत बघू," सर्वेश मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

तोवर ती एवढीशी टाकी माझ्या जिवावर चालली होती. त्या पाण्यात त्या दोघांना स्वतःहून पुरेल एवढी हवा नव्हतीच, ती मी घालत होतो. मला त्याचा अभिमान वाटे. आज तो अभिमान आठवला की अंगावर काटा येतो.

एकदा माझ्या पोटातला रबरी पडदा फाटला. घरात कोणाच्या लक्षात यायच्या आधी आजोबांना कळलं, कारण माझा सूर बदलला होता. ते स्वतः जाऊन नवीन रबर घेऊन आले, नाकावर चष्मा ठेवून त्यांनी तो बसवला आणि मी पुन्हा घुं घुं केल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! साच्याचो झील शोभतंस रे." झील म्हणजे मुलगा. मला आयुष्यात कोणी मुलगा म्हटलं नव्हतं.

मग यंदाचे गणपती आले. या घराचा नेम असा की गणपतीला गावी जायचं म्हणजे जायचं. फ्रिज रिकामा करायचा, गॅस बंद करायचा, खिडक्या लावायच्या, आणि निघताना दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढायचा. मेन ओढायचं काम आजोबांचं. लग्न होऊन या शहरात बिऱ्हाड केलं तेव्हापासून ते हे करत आले होते. "आग लागली तर खयसून पळत येतलंव?" असं ते म्हणत.

या वेळी घरात मासे होते. निधीने महिनाभर आधीपासून सगळ्यांचं डोकं खाल्लं. यंदा मेन चालू ठेवायचा असं ठरलं. आजोबांनीही मान डोलावली. समोरच्या घरातल्या संघमित्राताईंकडे चावी द्यायचं ठरलं. त्या पोस्टात नोकरीला, बोलायला फटकळ, पण निधीवर त्यांचा जीव.

"एक दिवस आड या हं मावशी. पहिल्या दिवशी काहीच घालायचं नाही, मी घालून जातेय. आणि चिमूटभरच. जास्त घातलं तर पाणी खराब होतं."

"कळलं गं बाई. माझ्या स्वतःच्या पोरांना एवढं सांभाळलं नाही मी," त्या म्हणाल्या.

निघायच्या दिवशी निधीने आणखी एक केलं. माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली, आडवी आणि उभी, चुकूनही कोणाचा हात लागू नये म्हणून. मला फार बरं वाटलं. सगळे खाली उतरले. मी घुं घुं करत होतो, गुणाजी आणि चंपा संथ फिरत होते.

थोड्या वेळाने कुलूप उघडलं. आजोबा एकटेच वर आले होते. भजनाचे टाळ विसरले होते. समोरच्या दारात संघमित्राताई उभ्या होत्या, त्यांच्याशी ते दोन शब्द बोलले, कपाटातून टाळ काढले आणि टाकीपाशी आले. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "गुणाजी, येतंय हां. चंपा, नीट ऱ्हवा." खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. आजोबांनी घाईने चपला पायांत सरकवल्या. आणि दार ओढून घेता घेता त्यांचा हात सवयीने वर गेला.

मेन खाली आला. मी थांबलो.

मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण मला आवाज आहे तो विजेचा, माझा स्वतःचा नाही. हॉर्नच्या गोंगाटात आजोबांना माझं थांबणं ऐकू आलं नाही. एरवी पडदा फाटला तर सुरावरून ओळखणारा तो कान! त्यांच्या चपला जिना उतरत गेल्या आणि मग काहीच ऐकू येईना.

शेवटचे बुडबुडे वर येऊन फुटले. खिडक्या बंद, घर तापलेलं, पाणी कोमट. आधी चंपा वर आली. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून हवा पिऊ लागली. मग गुणाजीही आला. दोघं शेजारी शेजारी तोंड उघडत आणि मिटत होते. आजोबांच्या खुर्चीसमोर ते असंच करत, तेव्हा ती गंमत होती. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतो, धडधाकट होतो, पोटात आजोबांनी बसवलेला नवा रबर होता, आणि मी काहीही करू शकत नव्हतो. याहून मोठी शिक्षा पंपाला नाही.

ठरल्या संध्याकाळी संघमित्राताई आल्या. त्यांनी दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. मोबाइलच्या उजेडात त्यांनी टाकी बघितली आणि "अगं बाई" एवढंच म्हणाल्या. मग त्यांची नजर दाराशेजारच्या मेनकडे गेली. त्यांनी तो वर केला.

मी लगेच सुरू झालो. माझे बुडबुडे गुणाजीच्या अंगाला घासत वर गेले. त्याला आता त्यांचा उपयोग नव्हता. चंपाही एका कुशीवर तरंगत होती.

संघमित्राताई आजोबांच्या खुर्चीत बसल्या. शेवटी वर कोण आलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, दोघांना हलक्या हाताने बाहेर काढून खाली आवारातल्या अबोलीच्या आळ्यात पुरून आल्या. मग त्यांनी माझ्या बटणावरची चिकटपट्टी काढली, माझा प्लग उपटला आणि म्हणाल्या, "माफ कर रे बाबा. कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवंय. त्या म्हाताऱ्याच्या नको." निधीचा गावाहून रोज फोन येई, तेव्हा त्या "मजेत आहेत गं" म्हणत राहिल्या. सणात त्यांच्याने सांगवलं नाही.

घरची मंडळी परतली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "निधी, पंप बंद पडला गं. जुना होता. मी आले तोवर..." त्या बोलत निधीशी होत्या, पण बघत होत्या आजोबांकडे.

निधी रिकाम्या टाकीपाशी गेली आणि तिथेच खाली बसली. अनुपमाताई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "म्हटलं होतं मी, हे डबडं एक दिवस दगा देणार." सर्वेश टाकीकडे बघत राहिला. "मोठी टाकी असती तर निदान तग तरी धरला असता," तो पुटपुटला. मग माझ्यावर डाफरला, "भंगारात टाकतो याला."

मी ऐकून घेत होतो, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. मला डबडं म्हणा, दगाबाज म्हणा. ज्यांनी मला मुलगा म्हटलं त्यांच्यासाठी एवढं तर मी करू शकत होतो. भंगारात जायलाही मी तयार होतो.

पण आजोबा म्हणाले, "थांबा. रबर गेलो असात. बघतंय मी."

त्यांनी चष्मा लावला, मला हातात घेतलं आणि प्लग लावला. त्या क्षणी मी मनापासून इच्छा केली की आपण चालू होऊ नये. आयुष्यात पहिल्यांदाच. पण पंपाच्या इच्छेला कोण विचारतो? वीज आली आणि मी घुं घुं करू लागलो. स्वच्छ, एका सुरात.

आजोबांच्या तळहातात मी थरथरत होतो. त्यांनी हळूच मान वळवून दाराकडे बघितलं, मग वर मेनकडे.

"संघमित्रा," त्यांनी विचारलं, "तू इलंस तेव्हा घरात लाईट लागली?"

संघमित्राताईंनी खाली बघितलं.

"लागली काय गो?"

आजोबा खाटेवर बसले. "पंप बरो आसा," ते म्हणाले. "हेका बोल लावू नका कोणी. मेन मीच बंद केलंय."

निधी उठून त्यांच्याजवळ आली. "आजोबा, तुम्ही मुद्दाम नाही ना केलं," असं म्हणत तिने त्यांचा हात धरला. आजोबांनी तो हात सोडवून घेतला आणि त्याच्याकडे परक्याच्या हातासारखं बघत राहिले. मग म्हणाले, "बंद कर गो ह्यो आवाज. माका सोसवना नाय."

निधीने मला बंद केलं. तेव्हापासून मी शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहे, आजोबांच्या टाळांशेजारी. आजोबांना पुन्हा झोप लागेनाशी झाली आहे. दुपारी ते खाटेवर डोळे उघडे ठेवून पडून असतात.

मित्रांनो, मासे पाळायचे असतील तर खुशाल पाळा. पण ते वाढणार हे आधी धरून चाला आणि ऐसपैस टाकी घ्या, म्हणजे त्यांचा जीव माझ्यासारख्या एका डबड्यावर टांगलेला राहणार नाही. मोठी टाकी दिवाळीवर ढकलू नका. आणि गावी निघताना दाराशी क्षणभर थांबून कान द्या. आत कोणाचा तरी श्वास चालू असतो.

आमच्या घरी आता तसं काही चालू नाही. टाकी कोरडी पडली आहे. तरी सगळे बाहेर निघाले की आजोबा शेवटी राहतात, त्यांचा हात मेनपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. मग ते मेन तसाच चालू ठेवून दार ओढून घेतात.