मान डोलावणारीचं गाऱ्हाणं

मी तंजावूरची मान डोलावणारी बाहुली. कागदाच्या लगद्याची, आतून पोकळ. वाऱ्याची झुळूक आली की माझी मान हलते. त्यात माझा काय दोष? पण श्रीविद्याबाईंनी मला राजवाड्यामागच्या आपल्या घरातून उचललं, आंतरराष्ट्रीय शाळेतल्या वर्गात नेलं आणि पहिल्याच दिवशी पोरांसमोर माझी अब्रू काढली.

"ही बघा. काहीही सांगा, हिचं आपलं हो! तुम्ही हिच्यासारखं व्हायचं नाही, कण्णा. का, कशावरून, विचारत सुटायचं."

पोरांना त्या लाडाने कण्णा म्हणत. राग आला मला. पण बाईंचा वर्ग भारी होता हो! कावेरीचं पाणी कालव्यात कोण सोडतं, जपानातली मुलं आपला वर्ग स्वतः का झाडतात, पोरं काय वाटेल ते विचारत. बाई उत्तर देत नसत. "चला, शोधू या," म्हणत.

मग परदेशी पाहुणे शाळा तपासायला येणार असं ठरलं. मुख्याध्यापक भरद्वाज सर सांगून गेले, "मुलांनी अगदी मोकळेपणाने प्रश्न विचारायला हवेत. कोणते, ते आजच पाठ करून घ्या." आता हसावं की रडावं! बाईंनी मात्र काही पाठ करून घेतलं नाही. मी मनात शाबास म्हटलं.

पाहुणे आले. चौथीतली भुवना उठली. "अंबाक्का आमची ताटं धुतात. मग त्या आमच्याबरोबर टेबलावर का जेवत नाहीत? मागच्या पायरीवर का बसतात?"

"वा, छान प्रश्न!" म्हणत पाहुणे पुढच्या वर्गात गेले. उत्तर कुणाला हवं होतं?

संध्याकाळी भरद्वाज सर आले. "मॅडम, मुलं युद्धावर विचारू देत, पेंग्विनवर विचारू देत. आपल्या जेवणघराबद्दल नको. पुढच्या वर्षी इथेच राहायचंय ना तुम्हाला?"

बाईंनी मान डोलावली. वारा नव्हता हो!

दुसऱ्या दिवशी भुवना म्हणाली, "मिस, अंबाक्कांचं शोधू या ना?"

"नंतर बघू, कण्णा. आज पेंग्विन." बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरगी खाली बसली. मला मेलीला तोंड असून उपयोग काय?

शाळेला मान्यता मिळाली. मला जेवणघराच्या दारासमोर, काचेच्या कपाटात बसवलंय. अंबाक्का अजून आपलं ताट घेऊन मागच्या पायरीकडे जातात. भुवना अजून हात वर करते. पेंग्विनला थंडी का वाजत नाही, विचारते आणि टाळ्या घेते.

शाळा बघायला आलात तर मला पाहून 'किती गोड' म्हणू नका. भुवनाला गाठा. अंबाक्का कुठे जेवतात, एवढंच तिला विचारा. "कोण अंबाक्का?" म्हणाली, तर समजा, शिक्षण पुरं झालं.