एक दिवस लवकर

"वैजयंती वेळेवर पोचली" हे वाक्य हिंदी मुलखातल्या अरेरा कॉलोनीत कुठल्याही मराठी घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा बाईसाहेब उशिरा आल्या. का, तर साडी नेसताना पदरावरच्या मोरांमधला एक मोर उलटा विणलेला दिसला, आणि विणकरानं तो मुद्दाम तसा केला की डुलकी लागली म्हणून, याचा विचार करत त्या पलंगावर बसून राहिल्या. बाहेर गुरुजी घसा खाकरून दमले. मुलगी गोड आहे पण वेंधळी आहे, असा शिक्का तेव्हा बसला तो बसलाच.

वेंधळेपणाची खरी किंमत मात्र तिनं त्याच्याही आधी मोजली होती. इतिहासात एम.ए. करत होती तेव्हाची गोष्ट. परीक्षेला निघालेली ही पोर जुन्या शहरात एका हवेलीच्या दारासमोर थांबली. दाराच्या दोन्ही फळ्यांवर लाकडात कोरलेली वेल होती, पानात पान गुंतलेली. एकच मिनिट बघते म्हणून थांबली, आणि कॉलेजात पोचली तेव्हा वर्गाचं दार बंद. आत सोडलं नाही. वर्ष गेलं, त्यापाठोपाठ हिंमत गेली, आणि मग लग्नच झालं. झालं, विषय संपला.

संपला कसला! चव्वेचाळिसाव्या वर्षी लेकीनं, गौरीनं, तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले, एडीएचडी आहे, लहानपणापासून आहे. "तुमचा मेंदू आळशी नाही. त्याला घड्याळातली वेळ जाणवत नाही, एवढंच." वैजयंती बाहेर आली, गाडीवर पोहे-जलेबी मागवली आणि प्लेट हातात धरून रडली. मग हसली. खरंच होतं की! दोनशे वर्षांपूर्वीचं तिला लख्ख दिसायचं. वीस मिनिटांनंतरचं काही केल्या दिसायचं नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात तिनं पुन्हा एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली मुलं तिला 'आंटी' म्हणत, आणि ती त्यांना चित्रं काढून इतिहास समजावी. गुप्तांच्या काळातल्या मूर्तींचे ओठ जाड का, परमारांच्या मंदिरांची शिखरं कशी चढत जातात, हे सांगताना तिचे हात हवेत असे फिरत की कँटीनवाला चहा ओतायचा थांबे. इतकी वर्षं ही बाई कुठं दडवून ठेवली होती, असं श्रीकांतरावांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाटायला लागलं होतं.

आता पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा आली होती. प्रत्येकानं एका जुन्या वास्तूचा अभ्यास करून अहवाल दिलेला, आणि त्यावर बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाई प्रश्न विचारणार. सकाळी दहाला पहिलंच नाव वैजयंतीचं. चुकली की वर्ष गेलं. तिनं अहवाल कशावर लिहिला असेल? त्याच दारावर! आणि मनाशी ठरवून टाकलं होतं, या दारानं दुसऱ्यांदा वर्ष खाल्लं तर पुस्तकं रद्दीत द्यायची आणि पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाही.

तर त्या सकाळी वैजयंती नऊ वाजताच विभागात हजर. चक्क नऊ! छाती फुगवून तिनं शिपायाला विचारलं, "परीक्षा कुठल्या खोलीत?"

शिपाई कुलूप उघडत होता. म्हणाला, "मॅडम, वायवा तो कल है."

तिनं फोन काढून पाहिला. फोनच्या कॅलेंडरात तर परीक्षेसमोर आजचीच तारीख. गौरीला लावला.

"आई, सॉरी ना यार," गौरी पलीकडून कुजबुजली. "तू उशीर करतेस म्हणून मीच एक दिवस आधीची तारीख टाकली होती. सेफ्टी के लिए. काल सांगणार होते तुला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विसरले."

लेक कुणाची, हे निराळं सांगायला नको. वैजयंती पायरीवर मटकन बसली. आधी तिला राग आला, असा की कानाच्या पाळ्या तापल्या. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, माझ्या तारखा हलवायला? मग भरून आलं. आणि मग हळूच एक गोष्ट लक्षात आली: आज संध्याकाळपर्यंत जगात कुणीही तिची वाट बघत नव्हतं. कुणाचा डबा नाही, कुठली वेळ नाही, 'आहेस कुठं?' म्हणून फोन नाही. उभ्या आयुष्यात असा दिवस तिला मिळाला नव्हता.

ती रिक्षानं थेट जुन्या शहरात, हवेलीच्या दारासमोर जाऊन बसली. शेजारच्या दुकानदारानं मोठ्या बहिणीला म्हणावं तसं "बाजी, बैठ जाइए" म्हणत स्टूल दिलं. तिनं चित्रं काढायला घेतली. दार पूर्वेकडे तोंड करून. सकाळचं ऊन समोरून पडलेलं, वेल नेहमीसारखी सपाट, देखणी. इतक्या वेळा आली होती, पण दर वेळी सकाळची आणि दर वेळी घाईची. आज ती हललीच नाही. ऊन वर चढलं, बाराच्या सुमाराला दाराला घासून उतरायला लागलं, आणि वैजयंतीच्या हातातली पेन्सिल थांबली. पानांच्या पोटात छिन्नीच्या बारीक रेषा उमटायला लागल्या होत्या. उजव्या फळीवरच्या रेषा एका बाजूला झुकलेल्या, डाव्या फळीवरच्या बरोब्बर उलट. दोन माणसं! दोघांनी मिळून कोरलंय हे दार, आणि त्यातला एक डावरा असला पाहिजे. थोड्याच वेळात ऊन सरकलं आणि रेषा मिटल्या. बाई स्टुलावरून उठून टाळ्या वाजवायला लागल्या. दुकानदारानं न विचारताच पाण्याचा पेला पुढे केला.

संध्याकाळी चहाच्या वेळी घरात पंचायत बसली. गौरीनं कबुली दिलीच होती. तिच्यामागून श्रीकांतरावांनी मान खाली घातली. "हॉलमधलं घड्याळ मी पाव तास पुढे ठेवतो. तुझ्यासाठी. बरीच वर्षं."

"तू?" लीलावतीबाई, म्हणजे त्यांच्या आई, दचकल्या. "अरे, पाव तास तर मी पुढे ढकललं होतं! सून आली त्याच वर्षी!"

"तरीच!" श्रीकांतराव म्हणाले. "मला वाटायचं घड्याळच पळतंय."

"म्हणजे अर्धा तास?" वैजयंती म्हणाली. "या घरात मी इतकी वर्षं अर्धा तास पुढे जगतेय, आणि तरीही मला उशीर होतो?" मग तिला हसू फुटलं, आणि ती हसली म्हटल्यावर सगळेच सुटले. लीलावतीबाईंना तर ठसका लागला. हसणं ओसरल्यावर मात्र ती म्हणाली, "आता पुरे. उद्या साडेनवाला मी माझी मी निघेन. घड्याळ काय खरं असेल ते दाखवू दे. माझ्यासाठी कुणी काही हलवायचं नाही."

सगळ्यांनी मुकाट्यानं माना हलवल्या. आणि इथंच घोटाळा झाला, कारण पश्चात्ताप झालेला माणूस गप्प बसत नाही. झोपण्याआधी श्रीकांतरावांनी हळूच घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. पहाटे लीलावतीबाई उठल्या, आपल्या हातून झालेलं आपल्याच हातानं निस्तरावं म्हणून काठीनं घड्याळ खाली उतरवलं आणि त्यांनीही अर्धा तास मागे घेतलं. कुणी कुणाला बोललं नाही. श्रीकांतराव सातच्या आत मंडीदीपला, कारखान्याच्या बसनं गेले. गौरी तिच्या क्लासला एम. पी. नगरला पळाली. घरात उरल्या सासू-सून आणि ते घड्याळ.

फोन वैजयंतीनं बॅगेत घालून ठेवला होता. हातात घेतला की ती कुठल्या तरी संग्रहालयातल्या नाण्यांमध्ये हरवते, हे तिला ठाऊक होतं. ती तयार होऊन हॉलमध्ये बसली. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं.

"शिरा खा पोटभर," लीलावतीबाई म्हणाल्या. "वेळ आहे अजून."

वैजयंतीनं चमचा तोंडाशी नेला आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिडकीच्या जाळीचं ऊन रोज सकाळी त्या भिंतीवर पडे, आणि चहा पिताना ती त्याची चित्रं काढे. आधी ते कॅलेंडरवर असे, मग खाली सरकत दिवाणाच्या पाठीवर येई. ती घरातून निघायची तेव्हा ते तिथंच, दिवाणाच्या पाठीवर असे. आज ते दिवाण ओलांडून फरशीवर आलं होतं.

"आई, काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय? साखर कमी झाली?"

"नाही हो! ऊन फरशीवर आलंय. उशीर झालाय."

"अगं, घड्याळ बघ की! खास खरं करून ठेवलंय मी पहाटे."

"तुम्ही? आणि ह्यांनीही रात्री केलं असलं तर?"

लीलावतीबाईंनी कपाळावर हात मारला. वैजयंतीनं फोन काढून बघण्यातही वेळ दवडला नाही. वाटी खाली ठेवली, बॅग उचलली, चपलेत पाय घालत ती फाटकाबाहेर पडली. तिच्या मागून सत्त्याहत्तर वर्षांच्या लीलावतीबाई, काठी उंचावून, "ए रिक्षा! रोक रे बाबा! मेरी बहू का इम्तिहान है!" असं ओरडत. सगळ्या गल्लीनं ऐकलं. रिक्षा थांबली. बसल्यावर तिनं फोन पाहिला: नऊ चाळीस.

ती विभागात शिरली तेव्हा शिपाई तिचंच नाव पुकारत होता. केस विस्कटलेले, ओठाला शिऱ्याचा रवा. परीक्षक वसुधा तिवारी चष्म्यातून बघत होत्या.

"तुमचा अहवाल चांगला आहे," त्या हिंदीत म्हणाल्या, "पण दार एकाच कारागिराचं, असं तुम्ही लिहिलंय. कशावरून?"

"चुकलंय माझं ते," वैजयंती म्हणाली, आणि वही उघडून कालची चित्रं टेबलावर पसरली. मग ती बोलत सुटली. ऊन कसं घासून आलं, रेषा कशा उलट झुकल्या, त्या डावऱ्याला दुसऱ्यानं आपल्यासारखं कोरायला लावलं नाही, त्याला त्याची फळी दिली आणि दार जोडीनं पुरं केलं. मध्येच ती थांबली. आपण फार बोललो, हे नेहमीचं भय.

"थांबू नका," तिवारी मॅडम खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "हे पाहिलंत कधी?"

"काल. मी परीक्षेला एक दिवस आधी आले होते."

तिवारी मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की शिपाई डोकावला. मग त्यांनी चित्रं पुन्हा एकेक करून पाहिली आणि म्हणाल्या, दुपारी मोकळी आहे मी, दाखवाल मला ते दार? बाराला पोचायला हवं ना?

वैजयंती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फाटकातच गौरी आणि श्रीकांतराव उभे. तिनं नुसती मान डोलावली आणि गौरीनं तिला मिठीत घेऊन गोल फिरवलं. श्रीकांतरावांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ते उगाच नाक शिंकरत बसले. हॉलमधलं घड्याळ अजून तसंच होतं, अर्धा तास मागे. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

लीलावतीबाई दिवाणावर गोळ्यांची डबी घेऊन बसल्या होत्या. घड्याळाकडे त्यांनी पाठ फिरवली होती.

"वैजू," त्या म्हणाल्या, "जरा ऊन बघून सांग गं. सहा वाजले का?"