माझ्या पाठीवरची रिकामी फळी

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. चाकं मला कधीच नव्हती. पुढे पाच गाद्या, खाली लोखंडी पट्ट्या आणि मागे एक माणूस उभा राहील एवढी फळी. अलाबामातल्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉलची पोरं गाद्यांना खांदे लावून मला मैदानभर रेटायची. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, आणि पाच धिप्पाड गडी समोरच्यांना रेटून वाट करून देतात.

फळीवर उभे राहायचे थोरले कोच, क्लाइड टिडवेल. उकडलेल्या शेंगा खात, टरफलं माझ्यावरच टाकत ते ओरडायचे, "ताकद काय दाखवता लेकांनो, ती खेचरातही असते! पाय एकदम उचला!" एकानं जरी आधी जोर लावला तरी मी तिरकी व्हायचे. मग सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. नदीपलीकडच्या कॉलेजातली पोरंही याच गावांतली, याच हाडापेराची, कधी सख्खे भाऊसुद्धा. तरी दरवर्षीचा सामना आम्हीच जिंकायचो, तोही शेवटी हातभर पुढे रेटून. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग एका सरावात थोरले कोच ओरडता ओरडता गप्प झाले. पोरांच्या माना खाली होत्या. ते फळीवर कोसळलेत हे त्यांना कळलंच नाही, ती रेटतच राहिली. मला मात्र कळलं होतं.

त्यांच्या जागी त्यांचा मुलगा वेंडेल कोच झाला. त्यानं मला शेडमागच्या गवतात टाकलं. ती रिकामी फळी त्याला बघवत नव्हती. पण ती रिकामी नव्हतीच, मित्रांनो. वारा नसतानाही माझ्या पट्ट्या करकरायच्या, मागून ओळखीचा भार पडायचा, आणि आता हाक येईल म्हणून मी वाट बघत राहायचे. हाक काही यायची नाही.

लिडेल प्रुइट हा रेटणाऱ्या पाचांतला सर्वांत दांडगा गडी. एकदा शेडपाशीच तो वेंडेलला म्हणाला, "कोच, आम्ही ताकदीत कमी नाही पडत. एकदम निघत नाही, एवढंच. गाडी काढू या ना."

"तिचं नाव काढू नकोस."

"यंदा माझं शेवटचं वर्ष आहे. पलीकडून माझा भाऊ खेळतोय."

"मग अजून वजनं उचल!"

त्या वर्षीच्या सामन्यात जिंकायला शेवटी हातभरच पुढे सरकायचं होतं. पुढचं मला मैदानातल्या भोंग्यावरच्या घोषणेतून कळलं. खुणेआधीच लिडेलचा पाय पुढे पडला, पंचांनी शिक्षा म्हणून आमच्या संघाला मागे सरकवलं, आणि सामना गेला.

दुसऱ्या दिवशी वेंडेल गवत तुडवत आला आणि फळीवर चढला. बापाच्याच आवाजात त्यानं हाक दिली, "खाली... तयार... चला!" समोर कुणीच नव्हतं. शेडच्या भिंतीशी बसलेला लिडेल उठला आणि कडेच्या गादीला खांदा लावून रेटू लागला. मी जागच्या जागी गोल फिरले.

"एकट्यानं सरळ जात नाही रे ती," वेंडेल म्हणाला.

"माहितीये, कोच. थोरल्यांनीच शिकवलंय. पण माझं खेळणं संपलं आता."

वेंडेल फळीवर बसून रडला. त्या दिवशी माझ्यावर बाप-लेक दोघांचा भार होता, आणि रेटायला एकच खांदा.

मित्रांनो, माणूस गेला की त्याच्या वस्तू नजरेआड कराव्याशा वाटतात. दुखतं, मला कळतं. तरी त्यांना हात लावत राहा, त्यांच्यात त्याची शिकवण असते. वेंडेलनं मला रंग देऊन पुन्हा मैदानात आणलं. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. लिडेल तेव्हा प्रेक्षकांत उभा होता.