बिनखुणेचं गाव

...निळं, चार भोकांचं बटण त्यांनी नकाशातल्या धबधब्यावरून उचललं आणि मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून न्याहाळत अलीकडच्या एका गावावर ठेवलं — छापलेलं नाव माशी बसावी एवढंच. बटणं बायकोच्या शिवणाच्या डब्यातली. थांबे नीट दिसावेत म्हणून तिनेच काढलेली... आणि ‘दिसणं’ हा शब्द हल्ली घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

“बाबा, सहल आहे ही!” लेक म्हणाली. गाडी तीच चालवणार होती. “धबधबा सोडून पंक्चरवाल्याकडे उतरायचं?”

“धबधबा कुठे पळून चाललाय? पंक्चरवाला मात्र म्हातारा झालाय.”

“आणि तुम्ही?”

“मी निवृत्त झालोय.”

उभी हयात त्यांनी याच रस्त्यावर बस चालवली, आणि ती शिवणयंत्रावर बसून फाटकाच्या कडीकडे कान लावत राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यांची मधली नजर गेलीच आहे, कडेचीही फार टिकणार नाही, काय बघायचं ते बघून घ्या. तेव्हापासून तिने देवाकडे एकच धोशा लावला होता — डोंगर, धबधबा, समुद्र, तुझं जे जे भव्य ते यांच्या डोळ्यांत एकदा भरू दे, मग हवा तर दिवा मालव... आणि हे आपले बटणं सरकवतायत! लाकडाच्या वखारीचं गाव. पावाच्या भट्टीचं. लोखंडी पुलाचं. देवा, यांना हट्ट दिलास त्याच्या निम्मी नजर तरी द्यायचीस.

“अहो, पण तिथे बघण्यासारखं आहे काय?” तिचा आवाज जरा चढलाच.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “पुलावर चाकं आली की आवाज बदलतो. खाली पाणी असेल तर घुमतो, नसेल तर कोरडा. वखारीच्या गावात शिरताना ओल्या भुशाचा वास. आणि पंक्चरवाल्याचा चेहरा मला कधी लक्षातच राहिला नाही बघ. हाक ओळखतो मी त्याची.”



म्हणजे... ही आखणी या सहलीची नव्हतीच. हे पुढच्या सहली आखत होते, त्याच्याही पुढच्या — ज्या अंधाऱ्या दिवसांकडे ती पाठ करून बसली होती त्यांच्या. गाऊन निरूपण करणारे बुवा चरण संपायच्या आतच पुढच्या चरणाचा श्वास घेऊन ठेवतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तसा यांनी तो कधीच घेऊन ठेवला होता, इतका शांतपणे. आणि मी देवाकडे डोंगर मागत होते! केवढा हा माणूस, आणि मी इतकी वर्षं याच्या शर्टाच्या बाह्याच मापत बसले...

“पुलानंतर एक गाव लागतं,” ते तिच्याकडे वळून जरा अडखळत म्हणाले. “त्याला ना वास, ना आवाज. कशावरून ओळखायचं, मला सुचत नाहीये. तिथे तू सांगशील?”

“सांगेन की,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

गाव कसं सांगतात? ते तिने पाहिलंही नव्हतं. तरी ती मनातल्या मनात सुरू झाली — आता दुकानं लागली, एक बाई दारात चादर झटकतेय... नाही, असं नाही, यांना घाईचं सांगणं रुचत नाही. आधी रस्ता रुंद झाला म्हणावं, मग सावली... भीती होतीच, हललीही नव्हती. पण तिच्या मांडीला मांडी लावून आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं, उत्सुकतेसारखं, आणि ते तिला पुढचा शब्द विचारत होतं.