टाकीच्या पायऱ्या

सकाळी शांताबाईने नवऱ्यापुढे पेज ठेवली. "आज टाकी पास झाली तं कायम मिस्त्री करतीन ना जी?"

"हौ, ओव्हरसियर तसंच म्हंते," महागू म्हणाला आणि थापी घेऊन निघाला.

बालाघाट शहराच्या नाल्यांचे मैलापाणी वैनगंगेत जाऊ नये म्हणून गावाबाहेर टाकी आणि उथळ तळी बांधली जात होती. टाकीत गाळ बसेल, तळ्यांत पाणी उन्हाने निवळेल आणि धानाच्या शेतांतल्या बांध्यांना जाईल, अशी ती चांगली योजना होती. पहिल्या नकाशात टाकीचा तळ उतरता होता. गाळ आपोआप बाहेर वाहून गेला असता. पुढे खर्च वाचवण्यासाठी तळ सपाट केला आणि पायऱ्या घातल्या. गाळ काढायला कोण उतरणार, हे कोणी विचारले नाही. सर्वांना ठाऊक होते.

महागूलाही ठाऊक होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याने मेलेली ढोरे ओढणे सोडले होते.

दुपारी सफाई कामगार भैयालाल नवी टाकी बघायला उतरून वर आला आणि हसला. "मिस्त्रीदादा, पायऱ्या चौड्या केल्या, बहुत अच्छा झालं. टोपला घेऊन चढाले सोपं जाईन. भगवान तुमचं भला करो."

महागूने दयेपोटीच त्या रुंद केल्या होत्या. पण माणसाला मैल्यात उतरवणाऱ्या पायऱ्यांसाठी मिळालेला तो आशीर्वाद त्याला सोसवेना. त्याने घण उचलला आणि वरची पायरी फोडली.

ओव्हरसियर दादाजी धावत आला. "पागल झाला का बे? दुसरा मिस्त्री बांधन!"

भैयालालही चिडला. "तुम्ही तं मोकळे झाले, मिस्त्रीदादा. मले आता दोर बांधून उतरवतीन!"

महागूने घण टाकला, खाली उतरला आणि टाकीच्या तळाशी बसला. "साहेब, तळ उतरता करा. मी इथंच बसतो. सोडा पानी."

शिदोरी घेऊन आलेली शांताबाई काठावरून रडत म्हणाली, "वर या जी! नौकरी जाईन."

"शांता, मले वर यायची लाज वाटून राह्यली."

"काढा रे त्याले!" दादाजी ओरडला. पण बांधून झाल्यावर ती आता मैल्याची टाकी ठरली होती; तिच्यात पाय ठेवायला मजुरांपैकी कोणीच तयार नव्हते. सगळ्यांच्या नजरा सवयीने भैयालालकडे वळल्या.

भैयालाल जागचा हलला नाही.